हे धरलंय कशाला?

गेल्या मे महिन्यातला शनिवार. शाळेच्या निकालाचं काम उरकून संध्याकाळी घरी आले, तर अ‍ॅन आर्बरहून धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ होती. पडद्यावर भाऊ नव्हताच. एका छोट्या गाडीचा मागचा भाग दिसत होता आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय. पायजमा ओळखीचा होता.

"आपा, तूच समजाव आता यांना. शहात्तराव्या वर्षी पुठ्ठा टाकून गाडीखाली झोपलेत."

अब्बा तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले होते. भावाने दोन सायकली गाडीमागे लावून नेण्यासाठी रॅक आणला होता. हा रॅक डिकीच्या झाकणाला पट्ट्यांनी बांधायचा नसतो. गाडीच्या खाली, मागच्या बाजूला, एक आडवा पोलादी दांडा कायमचा बसवतात. त्याच्या मधोमध चौकोनी नळी असते, तिच्यात रॅकचा दांडा सरकवून खीळ मारायची. या आडव्या दांड्याला तिकडे हिच म्हणतात. मूळ काम ट्रेलर ओढण्याचं. भावाने हिच स्वतःच बसवायचा बेत केला होता. खोकं उघडलं होतं, नट-बोल्ट मोजून ठेवले होते. तेवढ्यात अब्बांनी खालून विचारलं, "सगळं ठीक आहे, पण हे धरलंय कशाला?"

भाऊ म्हणाला, "गाडीला, अब्बा."

"गाडी म्हणजे काय? पत्रा?"

कामाचं बोलणं असलं की अब्बा मराठीतच बोलतात. कराडच्या दुकानात चाळीस वर्षं ज्यांच्याशी काम केलं ते लोहार, सुतार, ट्रकवाले सगळे मराठी बोलणारे. हत्यारांची आणि चुकांची भाषा त्यामुळे तीच झाली. भावाला उत्तर देता येईना. मलाही आलं नसतं. त्या रात्री आणि नंतरच्या सुट्टीत मी या एका प्रश्नामागे वाचत गेले. बीएडला असताना शिकवलं होतं की मुलाने प्रश्न विचारला तर आधी तो का विचारतोय ते पाहावं. अब्बा का विचारत होते ते मला माहीत होतं. ते पुढे सांगते.

आधी शब्द, कारण माझा धंदाच तो. आपण गाडीच्या मागच्या कप्प्याला डिकी म्हणतो. जुन्या विलायती गाड्यांना मागच्या बाजूला उघड्यावर एक घडीचं आसन असे, त्याला डिकी सीट म्हणत. झाकण उघडलं की आसन, बंद केलं की सामानाची जागा. आसन गेलं, विलायतेत नावही मागे पडलं, आपल्याकडे मात्र ते सामानाला चिकटून राहिलं. अमेरिकेत त्याच कप्प्याला ट्रंक म्हणतात, कारण सुरुवातीच्या गाड्यांच्या मागे खरोखरीची ट्रंक पट्ट्यांनी बांधलेली असायची. आपल्या अम्मीच्या लग्नात आलेली लोखंडी ट्रंक आठवा, जवळपास तीच वस्तू. गाडीच्या मागे काहीतरी लटकवून न्यायची सवय, म्हणजे, गाडीइतकीच जुनी आहे.

आणि त्या काळी लटकवणं सोपं होतं. जुनी मोटार ही बैलगाडीच्याच घडणीची. खाली दोन लांब पोलादी दांडे, त्यांना शिडीसारखे आडवे दांडे जोडलेले. ही चॅसिस. इंजिन, चाकं, स्प्रिंगा तिच्यावर, आणि वर बसायचा सांगाडा नुसता ठेवून बोल्टने आवळलेला. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या घरात निघाली ती याच घडणीवर. भाऊ अब्बांना जवळच्या डिअरबॉर्न गावी हेन्री फोर्ड संग्रहालयात घेऊन गेला होता. तिथे एका मॉडेल टीचे सगळे भाग सुटे करून हवेत टांगलेले आहेत. अब्बा तिथून हलायला तयार नव्हते. "ही खरी गाडी. हाड दिसतंय." आपल्याकडच्या जुन्या जीपा, ट्रक, टेंपो यांचं हाड आजही असंच दिसतं. तिथे अँगल जोडायचा असेल तर मिस्त्रीला विचार करावा लागत नाही. खाली वाकायचं, दांडा शोधायचा, धरायचं.

अमेरिकेत मोटारी घरोघर झाल्यावर लोक त्यांच्यामागे घरच ओढायला लागले. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा गावी अशा भटक्यांनी 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटनाच काढली. डब्यातलं खायचं आणि गाडीतच राहायचं. मग घरी ठोकलेले ट्रेलर आले. ट्रेलर गाडीला जोडायचा कसा? खीळ आणि कडी लावली तर वळणावर आणि चढउतारावर अडते. १९३० च्या दशकात जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने गोळा आणि त्यावर बसणारी वाटी अशी जोडणी आणली. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी, सगळीकडे फिरते. युरोपात हा गोळा ५० मिलिमीटरचा ठरला, अमेरिकेत दोन इंचांचा, म्हणजे ५०.८. पाऊण मिलिमीटरचा हा वाद अजून मिटलेला नाही.

गोळा बसवायचा कुठे, तर बंपरवर. तेव्हाचा बंपर जाड पोलादी पट्टीचा असे आणि जाड कंसांनी थेट चॅसिसच्या दांड्यांना आवळलेला असे. १९४५ मध्ये सॅम आणि ॲना मेरी शोएन या जोडप्याने यू-हॉल सुरू केलं. एका गावी ट्रेलर भाड्याने घ्यायचा, घर हलवायचं आणि दुसऱ्या गावी परत करायचा. गिऱ्हाइकाच्या गाडीला हिच नसला तर बंपरलाच पकड आवळून गोळा बसवून देत. काम झालं की काढून घ्यायचा. अमेरिकेत युद्धानंतर किती संसार असे बंपरला लटकून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले असतील! बंपर धरतो यावर लोकांचा विश्वास बसला तो या काळात. तो विश्वास तेव्हा खोटा नव्हता.

पण गाडीचं हाड त्याच सुमारास नाहीसं व्हायला लागलं होतं.

इटलीच्या लान्सियाने १९२२ मध्ये लॅम्बडा ही गाडी दाखवली. तिला वेगळी चॅसिस नव्हतीच, सांगाडा आणि अंग एकच. १९३४ मध्ये फ्रान्सच्या सित्रोएनने ट्रॅक्सियॉं अवाँ ही गाडी पोलादी पत्र्याचे दाबून घडवलेले भाग एकमेकांना वेल्ड करून मोठ्या संख्येने काढली. कल्पना अंड्याच्या कवचाची. कवच पातळ असतं, पण सगळं मिळून वजन झेलतं. गाडी हलकी होते, जमिनीलगत बसते, पेट्रोल कमी पिते. छोट्या गाडीला तर दुसरा मार्गच नाही. १९५९ ची मिनी, नंतरची जवळपास प्रत्येक छोटी मोटार, आपली मारुती ८०० सुद्धा, याच जातीची. मजा म्हणजे, रणगाड्यासारखी म्हणून जिची ख्याती ती आपली अ‍ॅम्बॅसेडरही. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेल्या त्या गाडीला स्वतंत्र चॅसिस नव्हती. पत्रा जाड होता, आवाज भारी होता, बंपर चकचकीत होता. पाहणाऱ्याला वाटायचं आत जीप आहे.

आता अब्बांचं सांगते.

१९८४ साली मी चार वर्षांची होते, त्यामुळे मला आठवत नाही. अम्मीने सांगितलेलं आहे. एका शाळेचे खेळाचे मास्तर दुकानात आले. त्यांच्याकडे नातेवाइकाची जुनी अ‍ॅम्बॅसेडर होती. दोन मुलांना सायकल शर्यतीसाठी चिपळूणला न्यायचं होतं, सायकलींसकट. टपावर कॅरियर नव्हता. अब्बांनी अँगल आणि पाइप कापून मागच्या बंपरवर एक स्टँड वेल्ड करून दिला. सुंदर झाला होता म्हणे. दुकानासमोर लोक पाहायला थांबले. अब्बा स्वतः त्यावर उभे राहिले, दोनदा उड्या मारल्या.

कुंभार्ली घाट उतरताना एका वळणाआधीच्या खड्ड्यात तो सगळा जुडगा निखळला, बंपरसकट. मागून मोपेडवर एक माणूस येत होता. त्याचा डावा पाय मांडीत मोडला. वाचला, पण पाय आखूड राहिला. दवाखान्याचा खर्च अब्बांनी दिला. मास्तरांनी निम्मा द्यायचा म्हटलं, अब्बांनी घेतला नाही. पोलिसात कुणी गेलं नाही. गावात मात्र झालं, की वेल्डिंग कच्चं होतं. काही महिने वेल्डिंगचं काम दुकानात आलंच नाही. अम्मीच्या बांगड्या त्या वर्षी गेल्या.

अब्बांनी तो तुटलेला सांगाडा घाटातून परत आणवला होता. माझ्या लहानपणी तो दुकानाच्या मागे, बाभळीखाली, पडलेला असायचा. आम्ही त्यावर चढून खेळायचो. अब्बा ओरडायचे, एरवी कधी न ओरडणारे. खूप वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, त्यांनी मला तो एकदा जवळून दाखवला. वेल्डिंगचा एकही टाका उसवलेला नव्हता. स्टँड बंपरला घट्ट होता. बंपर त्याच्या कंसाला घट्ट होता. कंसाच्या दुसऱ्या टोकाला बोल्ट होते, आणि बोल्टाभोवती तळहाताएवढा गंजलेला पत्रा, कडा फाटलेल्या कागदासारख्या. गाडीचाच तुकडा तुटून आला होता.

"माझं काम पक्कं होतं," अब्बा म्हणाले. "मी फक्त पाहिलं नाही की त्याला कुणी धरलंय."

त्यानंतर अब्बांनी कुठल्याही गाडीच्या बंपरला हात लावला नाही. दुकान सायकलीचं झालं. आम्ही दोघं भावंडं शिकलो ते पंक्चर, ओव्हरहॉल आणि नव्या रिमच्या ताराजोडणीवर.

आता मिशिगनच्या त्या गॅरेजकडे परत येते. भावाची गाडी होंडा फिट, जी आपल्याकडे जॅझ नावाने विकली जायची. तिचा मागचा बंपर बोटाने दाबला तर आत जातो. हा बदल कसा झाला तेही पाहण्यासारखं आहे. १९७२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ ५ या छोट्या गाडीला प्लॅस्टिकचे बंपर आले. त्याच सुमारास अमेरिकेत नियम आला की १९७३ च्या गाड्यांनी समोरून ताशी पाच मैल आणि मागून अडीच मैल वेगाची धडक दिवे वगैरे न फुटता सोसली पाहिजे. पुढच्या वर्षी मागचाही वेग पाच मैल केला. गाड्यांना धक्का शोषणारे अवजड बंपर लागले, जुनी आवळायची पकड त्यांच्यावर बसेना. काही वर्षांत तेही गेले. आज आपण ज्याला बंपर म्हणतो तो खरं तर रंगवलेला प्लॅस्टिकचा बुरखा आहे. त्यामागे बहुधा फेसाचा थर, आणि त्यामागे एक पोलादी पट्टी, खऱ्या बंपरची जागा धरून.

त्याहून खोल बदल दुसरा. मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पेटंट घेतलं. गाडीची मधली खोली घट्ट ठेवा, पुढचं आणि मागचं टोक मुद्दाम चुरडेल असं करा, म्हणजे धडकेचा जोर तिथेच जिरेल. १९५९ पासून त्यांच्या गाड्यांत ते आलं आणि पुढे सगळीकडे. म्हणजे गाडीची शेपटी मोडण्यासाठीच घडवलेली असते. मिस्त्रीच्या शहाणपणाच्या हे अगदी उलट आहे. आमच्याकडे २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राज्यांना गाड्यांच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा अब्बांचे जुने दोस्त फार चिडले होते. मजबुती काढून टाकायला सांगतात म्हणजे काय? चॅसिसला थेट जोडलेला तो दांडा धडकेचा जोर चुरडणारा भाग ओलांडून आत पोचवतो, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं. नोटीस आली, दंड आला, कारण आलं नाही.

मग सायकल. अमेरिकेत मोठ्या माणसांनी सायकल चालवणं १९७० पर्यंत जवळपास नव्हतंच. ती पोरांची वस्तू. एकाएकी लाट आली. १९७३ मध्ये तिथे दीड कोटीच्या वर सायकली खपल्या, त्या वर्षांत मोटारींपेक्षा जास्त. त्याच साली तेलाचं संकट. पण अमेरिकन माणसाने सायकल घेऊन मोटार सोडली नाही, सायकल मोटारीवर लादली. डिकीच्या झाकणाला आकडे अडकवून, बंपरवर पाय टेकवून, पट्ट्यांनी ताणून बांधायचे रॅक सगळीकडे दिसू लागले. पावसाचं पाणी वाहून जायला टपाच्या कडेला पन्हळ असायची, तिला पकडून टपावरचे रॅक बसत. स्वीडनच्या एरिक थुलिन यांची थुले कंपनी १९४२ मध्ये मासे पकडायचे सापळे बनवत होती, ती साठच्या दशकात अशा रॅकांकडे वळली. पुढे पन्हळ गेली, बंपर प्लॅस्टिकचा झाला, झाकणं पातळ झाली. गाडीने एकेक करून सगळ्या मुठी काढून घेतल्या.

आणि नेमक्या त्याच काळात सायकल जड होत गेली. कॅलिफोर्नियात टॅमलपायस डोंगराच्या उतारावर काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली पळवायची. १९७६ मध्ये त्यांनी शर्यत भरवली, १९८१ पर्यंत माउंटन बाइक कारखान्यात तयार होऊन बाजारात आली. या सायकलवाल्याला डोंगरापर्यंत मोटारीनेच जावं लागतं. वर आता बॅटरीची सायकल, एकेक पंचवीस किलोची. ती उचलून टपावर कोण ठेवणार? उरलं काय, तर गाडीचं पोट. ट्रेलरसाठी खाली बसवलेला चौकोनी नळीचा हिच तिथे आधीच होता. सायकलवाल्यांनी ट्रेलरवाल्यांची जागा घेतली. छोट्या गाडीला बसतो त्या पहिल्या वर्गाच्या हिचची नळी सव्वा इंचाची असते. ओढायला दोन हजार पौंड आणि नळीवर उभं वजन दोनशे पौंड, म्हणजे साधारण नव्वद किलो, एवढी त्याची मर्यादा.

इथे एक गंमत आहे. अमेरिकेतल्या होंडा फिटच्या पुस्तिकेत म्हटलंय की या गाडीने ट्रेलर ओढू नये. युरोपात तीच गाडी छोटा ट्रेलर ओढते आणि पुस्तिका मुभा देते. लोखंड काही समुद्र ओलांडताना बदलत नाही. फरक चालवण्याच्या रीतीत आहे. जर्मनीत ट्रेलर लावला की वेग साधारणपणे ताशी ८० किलोमीटरवर येतो, आणि युरोपात ट्रेलर असा भरतात की गोळ्यावर वजन थोडंच पडावं. अमेरिकेत ट्रेलर जोरात पळवतात, म्हणून तो डुलू नये यासाठी दहा ते पंधरा टक्के वजन गोळ्यावर ठेवायचा प्रघात. ते वजन छोट्या गाडीच्या शेपटीला नको होतं. सायकलीचा रॅक काही ओढायचा नसतो, पण उभं वजन मात्र तो पुरेपूर टाकतो. त्यामुळे भावाचा प्रश्न ओढण्याचा नव्हताच. अब्बांनी तो बरोबर ओळखला होता.

दुसऱ्या दिवशी फोनवर मी दोघांना हिशेब सांगितला. रॅक वीस किलो, दोन सायकली तीस. पन्नास किलो, मागच्या चाकांच्या आसापासून एक मीटर मागे. पुढचं-मागचं चाक यांत अंतर अडीच मीटर. म्हणजे पुढच्या चाकांवरचं वीस किलो वजन उचललं जातं आणि मागच्या चाकांवर पन्नासऐवजी सत्तर पडतं.

"उलाळ," अब्बा लगेच म्हणाले.

बैलगाडीत मागे जास्त भरलं की जू वर उचलतं आणि गाडी उलाळ होते. भावाला हा शब्द माहीत नव्हता. मलाही तो पुस्तकातच भेटला होता. अब्बांच्या तोंडून ऐकल्यावर वाटलं की आठवीला बैलगाडीवरचा धडा इतकी वर्षं मी कोरडाच शिकवला.

"वीस किलो चालेल," ते म्हणाले. "पण खड्ड्यात पन्नासचे पन्नास राहत नाहीत."

त्यांचं खरं होतं. म्हणून तर रॅकवाले अशा दोन सायकलींच्या रॅकवर तिसरी लावू नका म्हणतात, कच्च्या रस्त्याला वेगळा हिशेब धरतात, आणि बरेच रॅक ट्रेलरच्या मागे लावायला मनाई करतात.

बसवायचं काम पुढच्या रविवारी झालं आणि मी तीन तास फोनवर होते. अब्बांनी आधी बुरखा उतरवायला लावला. प्लॅस्टिक निघालं आणि मागचं हाड दिसलं. गाडीच्या दोन्ही बाजूंनी, पत्र्याचेच पण दुहेरी दुमडून पेटीसारखे केलेले दोन पोकळ दांडे पार मागपर्यंत आलेले. त्यांच्यात कारखान्यातच पाडलेली भोकं. हिच नेमका त्या भोकांवर बसेल असा घडवलेला होता. एकही भोक नवं पाडायचं नव्हतं, वेल्डिंगचा तर प्रश्नच नव्हता. पेट्रोलची टाकी या गाडीत पुढच्या आसनांखाली असते, त्यामुळे मागे जागा मोकळी.

"हे आहे होय," अब्बा म्हणाले. आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी हातोडी मागितली. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात मिठाची मोठी खाणच आहे. ते मीठ गाडीचं पोट खातं. अब्बा दोन्ही दांड्यांवर वीतभर अंतरावर हलकेच ठोकत गेले. ठण आवाज आला की पुढे. एका जागी बद्द आवाज आला. भावाचा चेहरा उतरला. अब्बांनी तिथे स्क्रूड्रायव्हरने खरवडलं, तर पापुद्रा निघाला आणि खाली लोखंड शाबूत होतं. वर चिकटवलेल्या आवाजरोधक लेपाचा तुकडा सुटला होता. तरी त्यांनी दांड्याच्या आत टॉर्च मारून आरशाने पाहिलं. तेव्हा कुठे पुढे जायला हो म्हणाले.

पोकळ दांड्यात बोल्ट आतून बाहेर काढायचा, तर आत हात जात नाही. त्यासाठी खोक्यात स्प्रिंगसारखी तार आली होती. ती बोल्टच्या आट्यांवर फिरवायची, लांबच्या मोठ्या भोकातून आत घालायची आणि इकडच्या छोट्या भोकातून ओढून घ्यायची. मागोमाग बोल्ट येतो. "पायजम्यात नाडी घालतात तसं," मी म्हटलं. अब्बा हसले. एक बोल्ट आत पडला तो काढायला चुंबक बांधलेली काडी आणि पाऊण तास गेला. सायलेन्सर रबरी टांगणीतून सोडवून खाली घ्यावा लागला. प्लॅस्टिकच्या बुरख्याचा खालचा काठ थोडा कापला, तो भावाने कापला, वाकडा.

शेवटी आवळायचं. भावाने टॉर्क पाना आणला होता, जो ठरलेला जोर झाला की कट् वाजतो. अब्बांनी सवयीने पाना दोन्ही हातांनी धरला. कट् वाजलं आणि ते थांबले नाहीत. भाऊ ओरडला. "एवढ्यावर थांबायचं?" अब्बांना पटेना. त्यांच्या हिशेबाने अजून अर्धा आटा होता. मी म्हटलं, "अब्बा, भरीव अँगल नाही तो, पोकळ पेटी आहे. जास्त आवळलं तर ती चेपते आणि नंतर बोल्ट ढिला पडतो." त्यांनी पाना खाली ठेवला. चाळीस वर्षांच्या हाताला आवरणं सोपं नव्हतं, ते मला फोनवरही दिसलं. बाकीचे बोल्ट त्यांनी भावाला आवळू दिले.

रॅक लावला की मागचे दिवे आणि नंबर झाकले जातात का, तेही तपासलं. नेदरलँडमध्ये सायकलींच्या अशा रॅकसाठी त्याच नंबरची वेगळी पांढरी पाटी मिळते. युरोपात रॅकलाच दिवे असतात. भावाच्या रॅकला ते नव्हते. सायकली कशाही ठेवल्या तरी डावा दिवा थोडा झाकलाच जात होता. अब्बांनी सायकलींची तोंडं उलटी करायला लावली, एक पेडल काढायला लावलं. मग दिसला.

जूनच्या पहिल्या शनिवारी ते सगळे कॅलमझूला गेले. तिथून साउथ हेवनपर्यंत जुनी रेल्वेलाइन उखडून सायकलींची वाट केलेली आहे, सरोवराच्या काठापर्यंत, पन्नास किलोमीटरहून जास्त. अ‍ॅन आर्बरहून कॅलमझू दीडशे किलोमीटरच्या वर आहे, सगळा महामार्ग.

निघताना भावाने अब्बांसाठी पुढचं दार उघडलं. ते बसले नाहीत. भावजय मुलींना घेऊन दुसऱ्या गाडीत येणार होती. अब्बा तिच्या गाडीत, पुढच्या सीटवर जाऊन बसले आणि तिला म्हणाले, "बेटा, त्याच्या मागेच ठेव. पण अंतर राख."

पहिल्या ८० किलोमीटरवर थांबून बोल्ट पुन्हा तपासायचे असं पुस्तिकेत होतं. भावाने पाना बरोबर घेतला होता. सगळे जिथल्या तिथे होते. तिथून पुढेही अब्बा मागच्याच गाडीत बसले. भावजय सांगत होती की त्यांनी अख्खा रस्ता कुणाशी बोलणं केलं नाही, मुलींनी गाणी लावली तीही ऐकली नाहीत. नजर समोरच्या दोन सायकलींवर.

कॅलमझूला पोचल्यावर त्यांनी मला फोन केला. आमच्याकडे रात्र झाली होती.

"नाही निघालं," ते म्हणाले.